पंगत वाढायला चालणाऱ्या मुली : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या मंडळाची एकोणीस वर्षं सभासद आहे. दोनदा स्वयंपाक समितीत होते, एकदा नाटकाच्या, आणि मराठी शाळेत सहा वर्षं दर रविवारी बाराखडी गिरवून घेतली. मंडळाचा प्रोजेक्टर, दोन समया आणि लेझमांचा खोका आजही आमच्याच गॅरेजमध्ये आहे. मोठेपणा मिरवायला हे सांगत नाही. कुणी बाहेरची बाई येऊन मंडळाला नावं ठेवतेय, असं वाटू नये एवढ्यासाठी सांगते. कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत असलेल्या मुलींना मंडळाने युवा पुरस्कारातून वगळलं, त्या विषयावर मी आपल्याला दोन ईमेल पाठवल्या. पहिलीला ‘विषय पुढच्या बैठकीत घेऊ’ असं उत्तर आलं. दुसरीला काहीच आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जानेवारीच्या बैठकीनंतर युवा पुरस्काराच्या अर्जात एक ओळ वाढली : ‘सोरोरिटी अथवा तत्सम ग्रीक संघटनेची सदस्य असलेली विद्यार्थिनी या पुरस्कारास पात्र राहणार नाही.’ (सोरोरिटी म्हणजे इथे अमेरिकेतल्या कॉलेजांतली मुलींची संघटना; तिचं नाव ग्रीक अक्षरांचं असतं, म्हणून ‘ग्रीक’.) मी ती ओळ तीनदा वाचली. ‘सदस्य असलेली विद्यार्थिनी.’ इंग्रजीत लिहिली असती तर कदाचित खपून गेली असती, पण मराठीत लिंग लपत नाही. त्याच बैठकीत जवळच्या एका सोरोरिटीतल्या मुलींनी पाडव्याच्या कार्यक्रमात मागितलेलं एक टेबलही नाकारलं गेलं. इतिवृत्तात कारण दिलंय, ‘मंडळाच्या संस्कृतीशी सुसंगत नाही.’

माझा यात काय संबंध, तेही सांगून टाकते. इथून सव्वा तासावरच्या विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींची जी सोरोरिटी आहे, तिच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे तिथल्या शाखेत, माझी लेक आहे. तिने पुरस्कारासाठी अर्ज केलेला नाही आणि करणारही नाही, कारण ती यंदा पदवी घेऊन बाहेर पडते. अर्ज केले होते दुसऱ्या दोघींनी. दोघीही आपल्याच मराठी शाळेत शिकल्या. त्यातल्या एकीला ‘ळ’ म्हणायला मी शिकवलंय. दोघींचे अर्ज न वाचता परत आले.

आता माझी कबुली. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात लेकीचा फोन आला, ‘आई, मी रशला जातेय.’ मला वाटलं, पोरगी कुठेतरी गडबडीत निघालीय. रश म्हणजे सोरोरिटीची भरती, हे कळल्यावर मात्र माझा आवाज चढला. माझ्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमातला बंगला, लाल प्लास्टिकचे पेले आणि गच्चीवरून ओरडणाऱ्या मुली. मी सांगितलं, याची फी माझ्याकडून मिळणार नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘मग तुझी भिशी काय आहे?’

मी फोन ठेवला. पण उत्तर सुचलं नाही. आमची भिशी म्हणजे अकरा बायका, महिन्याचा पहिला शनिवार. इथे आलो तेव्हा आमच्यातल्या एकीचंही या शहरात रक्ताचं कुणी नव्हतं. माझ्या बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घेऊन चाळीस दिवस पाळीपाळीने भिशीच आली. आमच्या वर्गणीचा हिशेब असतो, आमचे नियम असतात, नवी बाई घ्यायची तर आम्हीही आपसात कुजबुजतोच. फक्त आमच्या जॅकेटवर ग्रीक अक्षरं नाहीत. (त्या मुलींपैकी एकीनेही ग्रीस पाहिलेला नाही, हे जाता जाता.)

तरीही मी चौकशी केली, आणि ती आपल्यापैकी कुणी केली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. ‘सोरॉर’ म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. अमेरिकेतल्या कॉलेजांनी मुलींना दार उघडलं, तरी वर्गातल्या मुलांनी त्यांना आपल्यात घेतलं नाही. इंडियानातल्या एका कॉलेजात एका विद्यार्थिनीला फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेच्या, मुलांनी म्हणे सांगितलं, आमचा बिल्ला लाव हवं तर, पण सभासद म्हणून घेणार नाही. तिने बिल्ला घेतला नाही. १८७० च्या जानेवारीत आणखी तिघींना सोबत घेऊन तिने कप्पा अल्फा थीटा काढली. पुढे या गोऱ्या मुलींच्या संघटनांची दारं काळ्या मुलींना बंद होती, तेव्हा हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा निघाली. कमला हॅरिस तिथल्याच. १९१३ मध्ये त्याच विद्यापीठात डेल्टा सिग्मा थीटा निघाली, आणि त्या मुली स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. आपल्याकडच्या मुलींना वेळ लागला. १९९८ साली ह्यूस्टन, ऑस्टिन आणि न्यूयॉर्क इथे एकाच वर्षात तीन दक्षिण आशियाई सोरोरिटी सुरू झाल्या. कारण साधं होतं. कॉलेजात गेलेल्या पहिल्या पिढीच्या मुलींना घरी अमेरिकन म्हणत आणि वर्गात इंडियन.

आमच्या मुलींच्या चॅप्टरला बंगला नाही. सतरा जणी आहेत. तीन मराठी, बाकी गुजराती, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, दोन बांगलादेशी, एक नेपाळी, एक श्रीलंकेची तमिळ. रविवारी संध्याकाळी लायब्ररीतली एक खोली दोन तासांसाठी मिळते, तीच त्यांची वास्तू. आणि त्यांची खजिनदार दर महिन्याला हिशेब मांडते. (आपला मागच्या वर्षीचा ताळेबंद कधी आला, ते मी इथे काढत नाही.)

त्यांचं हे वर्ष कसं गेलं, ते मी आपल्याला सांगते, कारण आपण ते विचारलंच नाही.

सप्टेंबरात आपला गणपती होता. स्वयंसेवक कमी पडतायत म्हणून तीन दिवस आधी आपल्याच सचिवांचा मला फोन आला, ‘ताई, लेकीच्या मैत्रिणी येतील का हो?’ नऊ जणी आल्या. चारशेवर पानं वाढली. मसालेभात कुठल्या बाजूला आणि चटणी कुठे, हे त्या नेपाळी पोरीने कागदावर चित्र काढून पाठ केलं होतं. रात्री अकरापर्यंत पातेली घासून त्या सव्वा तास गाडी चालवत परत गेल्या, दुसऱ्या दिवशी दोघींचा पेपर होता. माइकवरून आपण म्हणालात, ‘या आपल्या लेकी.’ टाळ्याही झाल्या. त्या दिवशी त्या सोरोरिटीत नव्हत्या का? त्यांच्या अंगात चॅप्टरचे टी-शर्ट होते, आणि त्या टी-शर्टांसकट काढलेला फोटो मंडळाच्या दिवाळी अंकात रंगीत पानावर आहे.

ऑक्टोबर हा इथे घरगुती हिंसाचाराविषयी बोलण्याचा महिना. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून आपल्या भागातून आलेल्या बायकांसाठी काम करतात, ते काही इथे सुखाचा पूर आलाय म्हणून नव्हे. मुलींनी मदतवाहिनीचे नंबर पाच भाषांत छापून बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावायचं ठरवलं. आतल्या बाजूला, कारण तिथे नवरा किंवा सासू सोबत नसते. मराठी मजकूर माझ्याकडे आला. मी ‘घरगुती हिंसाचार’ लिहून दिलं. दोन दिवसांनी एकीचा मेसेज, ‘मावशी, घरात हा शब्द कोण म्हणतं?’ खरंच कोण म्हणतं? मी पुन्हा लिहिलं : ‘घरात मारतात का? धमकावतात का? पासपोर्ट, पैसे, फोन काढून घेतात का?’ मी मराठी शिकवणारी, पण शब्द मला त्या पोरीने शोधायला लावला. तो कागद आपल्या दिवाळीच्या हॉलमध्ये लावू दिला नाही. ‘सणाच्या दिवशी असलं नको.’ तेव्हा मीही फार ताणलं नाही. ते चुकलंच माझं.

अभ्यासाचं सांगायचं तर त्यांच्यात नियम आहे. सरासरी ठरावीक आकड्याखाली गेली की नाचगाणी, पार्ट्या, दौरे बंद. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री लायब्ररीत बसायचं, फोन टोपलीत टाकायचा आणि वरच्या वर्गातल्या ‘बिग’ने समोर बसून शिकवायचं. नव्या मुलीला जी थोरली बहीण नेमून देतात ती बिग, आणि धाकटी ती ‘लिटल’. आपल्या पुरस्काराला अर्ज केलेली एक जण मागच्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आपटली होती. घरी सांगितलं नव्हतं. बापाला वाटत होतं, मुलगी डॉक्टर होणार. तिने आधी बिगला सांगितलं. बिगने तिला दोन गोष्टी करायला लावल्या, विषय पुन्हा घ्यायला आणि घरी फोन करायला. फोन करताना शेजारी बसून राहिली. तिला यंदा बी-मायनस मिळाला. फार मोठा पराक्रम नव्हे. पण इथे आपल्या मुलांवर मार्कांचं किती ओझं असतं आणि त्यापायी ती घरात काय काय लपवतात, हे मंडळातल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे, कबूल करोत न करोत. घरी फोन करायला लावणारी कुणी असणं, याची किंमत मला कळते.

आणि एक मुलगी, तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. चार वर्षांची असताना ती आईबाबांबरोबर इथे आली. वडील एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. भारतात जन्मलेल्यांची ती रांग कशी सरकते, ते आपल्या मंडळात अर्ध्या घरांना तोंडपाठ आहे. मूल एकविसाचं झालं की वडिलांच्या नावावरचा एच-फोर, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा, संपतो. बालवाडीपासून इथेच शिकलेली मुलगी वाढदिवसाच्या दिवशी कागदावर ‘परदेशी विद्यार्थिनी’ होते, आणि तेही स्टुडंट व्हिसाचे कागद वेळेत झाले तर. नाही तर बॅग भरायची, अशा देशात जायचं जिथली तिला फक्त आजी आठवते. तिचा एकविसावा नोव्हेंबरात होता. उन्हाळ्यापासून मुलींनी तिची फाइल करायला घेतली. एकीच्या ताईचं हेच झालं होतं. तिने कोणता कागद कधी लागतो त्याची यादी दिली. दोघी तिच्याबरोबर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन बसल्या. फीचा आकडा वाढला तर काय, याचा हिशेब खजिनदारीणबाईंनी मांडला. वाढदिवसाच्या आदल्या रात्री साडेअकराला त्यांनी केक कापला. बाराला नाही, साडेअकराला. ‘एच-फोर आहे तोवर,’ ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, आणि मग माझी लेक सांगते की कुणीच बराच वेळ बोललं नाही. ही मुलगी मराठी नाही. पण तिच्या जागी आपल्या मराठी शाळेतल्या किती जणी येत्या पाच वर्षांत असणार आहेत, ते आपल्या सभासद यादीवरून मोजता येईल.

आता त्या टेबलाचं. मुलींना पाडव्याला बोन मॅरो दात्यांची नोंदणी करायची होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कापसाच्या काड्यांचे संच. गालाच्या आतून काडी फिरवायची, फॉर्म भरायचा, दहा मिनिटांत मोकळं. साधारण अठरा ते चाळीस वयाच्या निरोगी माणसाला नोंदवता येतं. रक्ताच्या कर्करोगात कधीकधी रुग्णाला दुसऱ्याच्या बोन मॅरोतल्या (अस्थिमज्जेतल्या) स्टेम पेशी द्याव्या लागतात, आणि त्या जुळण्यासाठी जे गुणधर्म लागतात ते वंशपरंपरेने येतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि घरात नाही जुळलं तर आपल्याच भागातून आलेल्या माणसाशी जुळण्याचा संभव सर्वांत जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के सांगतात, आशियाई रुग्णाला ४७ टक्क्यांच्या आसपास. हा फरक औषधाने नाही भरत, नोंदणीनेच भरतो. आणि दान म्हटलं की लोक हाडात सुई म्हणून घाबरतात, पण बहुतेक वेळा आधी काही दिवस इंजेक्शनं घेऊन मग हातातून रक्त काढतात, पेशी वेगळ्या करून उरलेलं रक्त परत देतात.

गेल्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका मराठी लहानग्यासाठी दाता हवा असल्याचा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरला. कार्यकारिणीतल्या पाच जणांनी तो पुढे पाठवला, हात जोडलेल्या इमोजीसकट. मुलींनी तो मेसेज मनावर घेतला. त्यांनी विद्यापीठात नोंदणी केली, आणि मग म्हणाल्या की आपले लोक एका छताखाली सर्वांत जास्त कुठे जमतात? पाडव्याला. सहाशे माणसं. त्या टेबलाला आपण ‘संस्कृतीशी सुसंगत नाही’ म्हणालात. त्याच कार्यक्रमात गृहकर्जवाल्याचं टेबल आहे, विमावाल्याचं आहे, साड्यांची तर चार आहेत. साड्या मीही घेणार आहे, माझा त्यांच्यावर राग नाही. पण गालात फिरवायच्या काडीने कोणती संस्कृती बुडते, ते मला समजावून सांगा.

माझ्या तक्रारी आता नेमक्या सांगते.

नियम फक्त मुलींना आहे. दोन वर्षांपूर्वी हाच पुरस्कार ज्या मुलाला दिलात तो फ्रॅटर्निटीचा उपाध्यक्ष होता, आणि निवेदनात ते कौतुकाने वाचून दाखवलं होतं, ‘नेतृत्वगुण’ म्हणून. मुलगा गुणी आहे, त्याला मिळालं ते योग्यच. पण मुलाच्या बाबतीत जो नेतृत्वगुण, तो मुलीच्या बाबतीत अपात्रता कशी होते?

दुसरं, नियम अर्ज आल्यानंतर केला. अर्जाची मुदत डिसेंबरअखेर होती, ओळ जानेवारीत आली. खेळ सुरू झाल्यावर रेषा सरकवली तर आपण मराठी शाळेतल्या पोरांनाही रागावतो.

तिसरं, कुणालाच विचारलं नाही. सतरापैकी एकीलाही नाही, त्यांच्या आयांना नाही, विद्यापीठाला नाही. इतिवृत्तात ‘काही पालकांनी चिंता व्यक्त केली’ एवढंच आहे. किती पालक, कोणती चिंता, काही नाही. मीही पालकच आहे.

आणि चौथं, जे मला सर्वांत लागलं. बैठकीला हजर असलेल्या एका सदस्याने म्हटल्याचं मला दोघांनी सांगितलं, ‘असल्या मुलींना आपण बक्षीस दिलं तर बाकीच्या काय शिकतील?’ असल्या. त्या शब्दावर मी काही लिहीत नाही. ते कोण, तेही लिहीत नाही. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाचा शिरा मी ढवळलाय.

एक शंका मात्र खरी आहे आणि तिला मी टाळणार नाही : हेझिंग. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो ते. मी स्वतः ऐंशीच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात राहिले आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा; आमच्या वेळी नुसता ‘सीनियरचा मान’ होता. रात्री दोनला उठवून काय काय करायला लावत, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. त्यामुळे लेकीला मी तीनच प्रश्न विचारले होते : झोपू देतात का, घरी फोन करू देतात का, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होतं? उत्तरं मला पटली, पूर्णपणे नाही. नव्या मुलींच्या सुरुवातीच्या सात-आठ आठवड्यांत जागरणं फार होतात. जी गुप्तता पाळतात तीही मला आवडत नाही. जे चांगलं आहे ते झाकायचं कशाला, असं मी चॅप्टरच्या अध्यक्ष मुलीला तोंडावर सांगितलंय. तिने वाद घातला, पण यंदा नव्या मुलींचं वेळापत्रक पालकांना आधी पाठवलं. फीही जड आहे आणि त्या भरतकामाच्या जॅकेटच्या किमतीत माझं पहिल्या वर्षाचं मेसचं बिल भागलं असतं. या देशात फ्रॅटर्निटीच्या दारात पोरं जिवानिशी गेली आहेत. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर हेझिंगविरोधी कायदा झाला, आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजांना जाहीर करणं भाग पडलं. म्हणजे चिंता असलेल्या माणसाला करण्यासारखं काम आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जायचं आणि नाव शोधायचं. मी शोधलं. आमच्या मुलींचं नाव तिथे नाही. आपण शोधलंत?

मागच्या वर्षी महिला दिनाच्या फलकावर आपण आनंदीबाई जोशींचा फोटो छापला होता. तिघींचा, फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय कॉलेजातला, ऑक्टोबर १८८५ मधला. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली. मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते. घरापासून हजारो मैल दूर, एका कॉलेजात, तीन देशांच्या तीन मुली. त्याआधी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रांतून ओळख झालेल्या आनंदीबाईंना आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पदवी मिळून वर्षही झालं नव्हतं तोच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. आपल्या गावात नाही, आपल्या जातीत नाही, रक्तात नाही, पण कुटुंबात. पंडिता रमाबाई याच देशात फिरल्या तेव्हा गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली, आणि त्या अमेरिकन बायकांच्या वर्गणीतून मुंबईत मार्च १८८९ मध्ये शारदा सदन उभं राहिलं. परक्या मुलीला बहीण मानून पैसे गोळा करणाऱ्या बायका आपल्या इतिहासात आहेत, आपण त्यांना हार घालतो. त्या चौदाव्या वर्षी बाळ गमावलेल्या आनंदीबाईंनी फॉर्म भरला असता आणि त्यावर ‘कप्पा’ किंवा ‘डेल्टा’ असं काही लिहिलेलं असतं, तर आपण काय केलं असतं?

माझ्या मागण्या अशा.

अर्जातली ती ओळ काढा. ‘यंदापुरती स्थगित’ वगैरे नको, काढा. दोघींचे अर्ज उघडून इतरांसारखेच वाचा. गुणांवर मिळालं तर द्या, नाही मिळालं तर नका देऊ, त्या रडणार नाहीत. त्यांना अर्ज परत पाठवल्याबद्दल लेखी दिलगिरी कळवा. त्या पत्रात ‘गैरसमज’ हा शब्द नसावा, कारण गैरसमज कुणाचाच झालेला नाही. पाडव्याला टेबल द्या, आणि स्वच्छतागृहाजवळचं नको, जेवणाच्या रांगेजवळचं द्या, तिथे लोक थांबतात. मदतवाहिनीचे कागद सगळ्या सणांना लावू द्या. हेझिंगचा प्रश्न विचारायचाच असेल तर अर्जात सगळ्यांना एकच विचारा, मुलांनाही, ‘तुमच्या संघटनेवर अशी कारवाई झाली आहे का?’ आणि उत्तर पडताळून पाहा. शेवटचं, कार्यकारिणीत युवा प्रतिनिधीची जागा चार वर्षं रिकामी आहे. ती भरा. माझ्या लेकीला नको, ती नोकरीला दुसऱ्या गावी चालली आहे.

हे मान्य नसेल तर मी मंडळ सोडणार नाही. तशी धमकी द्यायला माझं वयही नाही आणि मंडळ तेवढं परकंही नाही. पण वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार, घटनेप्रमाणे त्यासाठी लागणाऱ्या पंचवीस सह्यांपैकी एकोणीस झाल्या आहेत. त्यातल्या सात भिशीच्या, बाकीच्यांत तीन माजी पदाधिकारी आहेत. पुढच्या गणपतीला वाढायला मुली येतील की नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही. मी त्यांना विचारलं होतं. अध्यक्ष मुलगी म्हणाली, ‘मावशी, बाप्पासाठी येऊ. पण फोटो नको.’

पुढची बैठक रविवारी दुपारी दोनला, नेहमीच्या हॉलमध्ये आहे. तिघी येणार आहेत, त्यांना बोलायला दहा मिनिटं हवीत. प्रोजेक्टर मी घेऊन येते.

आपली,
एक आजीव सभासद
(आणि सतरा मुलींची मावशी)